भिंतीत खिळा मारण्याआधी

आमचा मुलगा दुबईत नोकरीला आहे. मागच्या उन्हाळ्यात तो सुट्टीवर विट्याला आला तो खजूर, बदाम आणि एका इमारतीचं गुळगुळीत कागदाचं पुस्तक घेऊन. खजूर दोन दिवसांत संपला. ते पुस्तक मात्र पुढचा महिनाभर आमच्या घरात या खुर्चीवरून त्या खुर्चीवर फिरत राहिलं.

त्याचं म्हणणं सरळ होतं. दुकान विकून आलेले पैसे बँकेत नुसते पडून आहेत, त्यातून तिकडे एक लहान फ्लॅट घ्यायचा आणि भाड्याने द्यायचा. भाडं येत राहील आणि आम्हा दोघांना कुणापुढे हात पसरावा लागणार नाही. ऐकायला गोड होतं, म्हणूनच मी सावध झाले. आम्हाला पेन्शन नाही आणि शेती म्हणाल तर नावाला. ते पैसे म्हणजेच आमचं म्हातारपण होतं.

आमचं दुकान गलाईचं. जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं. आमच्या भागातली निम्मी माणसं याच कामासाठी देशभर पांगलेली आहेत. आम्ही दक्षिणेतल्या एका शहरात गेलो ते लग्नानंतर लगेच, आणि आलो ते केस पांढरे करून. तेवढी सगळी वर्षं एकाच घराच्या माडीवर भाड्याने राहिलो. घरमालकीण खाली राहायची. बाई मनाने चांगली होती, माझ्या बाळंतपणात रोज रसमभात वर आणून द्यायची. पण भिंतीला हात लावू द्यायची नाही. खिळा मारायचा नाही, हा तिचा पहिला नियम. स्वयंपाकघरात आधीच्या भाडेकरूने मारलेला एक खिळा होता. त्याच्यावर कॅलेंडर, कॅलेंडरावर पिशवी, पिशवीवर मुलाचा रेनकोट. दुसरा खिळा मागायचं धाडस मला कधी झालं नाही.

तिथे राहून आम्ही विट्याजवळ हे घर बांधलं. सगळेच बांधतात. फरशी संगमरवरी, जिना मोठा, आणि वर्षभर कुलूप. जत्रेला आणि दिवाळीला येऊन आम्ही आपल्याच घरात पाहुण्यासारखे राहून जायचो. दोन वर्षांपूर्वी दुकान विकलं आणि कायमचे इथे आलो.

तर ते दुबईचं पुस्तक. आमच्या ह्यांनी आयुष्यभर कुणाचंही सोनं आगीतून काढल्याशिवाय सोनं मानलं नाही. सख्ख्या मेव्हण्याची अंगठीसुद्धा त्यांनी आधी घासून बघितली होती. तोच माणूस चित्रातला पोहण्याचा तलाव बघून खूश झाला, याचा मला भयंकर राग आला. आमच्याकडे एकर-दोन एकर घ्यायची तरी माणसं चार वेळा बांधावर जाऊन बसतात, शेजारचा भांडकुदळ आहे का ते काढतात, पाण्याची पाळी विचारतात. आणि इथे समुद्रापलीकडचं घर बसल्या जागी घ्यायचं.

मी मुलाला सोडलं नाही. भाडेकरू गेला आणि घर रिकामं राहिलं तर? तिथला देखभालीचा खर्च कोण भरणार? तुझी नोकरी सुटली आणि तू परत आलास, तर विट्यात बसून आम्ही कुणाच्या नावाने ओरडायचं? पोरगं शांतपणे उत्तरं देत होतं. घर बांधून तयार आहे, कागदावरचं नाही. त्याने स्वतः जाऊन नळ सोडून बघितले होते. किंमत खाली येऊ शकते, हेही त्याने आपणहून सांगितलं. तिथे मला तो जरा पटला. मला फक्त गोड बोलणाऱ्याची भीती वाटते.

मग एका संध्याकाळी हे म्हणाले, "आगं, जल्मभर भाडं भरलं. एकदा तरी घ्यायचं बी मला."

त्यांच्या तोंडून असं काही मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, भाड्याच्या घराचा काच फक्त मलाच होता, हे दिवसभर भट्टीपुढे असायचे. त्या दिवशी मला त्यांची फार माया आली, पण मी तसं दाखवलं नाही.

शेवटी मुलाने एजंटाला फोनवर घेतलं, व्हिडिओ लावून. एजंट पुण्याचा पोरगा, बोलायला चुरचुरीत. सगळा कारभार कंपनी बघते, आत कोण राहतं हे तुम्हाला कळायचीही गरज नाही, असं तो मोठ्या आनंदाने सांगत होता. मी त्याला थांबवून माझे प्रश्न विचारायला लागले. पाणी दिवसभर असतं का? कपडे कुठे वाळत घालायचे? पाहुणे चार दिवस राहिले तर कुणी बोलणार नाही ना? घर सोडताना डिपॉझिट लगेच देता की हेलपाटे मारायला लावता?

तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही हे घर विकत घेताय की भाड्याने?"

सगळे हसले. हे तर खोकेपर्यंत हसले. मीही हसले, पण हसता हसता माझ्या लक्षात आलं की या व्यवहारात मला काहीतरी चांगलं कळतं. घर रिकामं पडणं हा सगळ्यात मोठा धोका, असं हे, मुलगा आणि एजंट तिघेही सांगत होते. आणि भाडेकरू कशाने टिकतो, हे मी जन्मभर जगले होते. मी दोन अटी घातल्या. आमचे निम्मेच पैसे घालायचे, उरलेले मुलाने त्याचे घालायचे. आणि आत कोण राहतं ते मला कळलं पाहिजे, त्यांचं म्हणणं माझ्यापर्यंत आलं पाहिजे.

घर घेतलं. सुरुवातीला ते काही दिवस रिकामंच राहिलं, एसीच्या दुरुस्तीतही पैसे गेले, आणि तेवढे दिवस मी घरात सगळ्यांशी तिरकं बोलले. मग केरळची एक नर्स आणि तिचा नवरा राहायला आले. पदरात तान्हं बाळ. तेव्हापासून भाडं वेळेवर येतंय. मी ते घर अजून बघितलेलं नाही.

परवा मुलाचा फोन आला. त्या बाईला भिंतीवर बाळाचा फोटो लावायचाय, खिळा मारू का म्हणून विचारतेय. कंपनी नको म्हणते, भिंत खराब होते.

मी पोळ्या लाटत होते, लाटणं बाजूला ठेवलं. मी म्हणाले, "मार म्हणावं तिला. पायजेत तेवढे मार."

फोन ठेवला आणि समोर बघितलं. आमचं कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं होतं. दोन वर्षं झाली, या घराच्या भिंती जशाच्या तशा कोऱ्या. मला कुणीही अडवलेलं नव्हतं. डोळ्यांत पाणीच आलं. गॅस बंद करून मी ह्यांच्या पेटीतली हातोडी आणली.

ठोकल्याचा आवाज ऐकून हे बाहेरून ओरडले, "आगं, भित खराब हुईल. इचारलंस का कुणाला?"

"घरमालकिणीला इचारलं," मी म्हणाले. "व्हय म्हणाली."

हे दारात येऊन उभे राहिले. हातोडीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "माझ्या टोपीसाठी बी एक मार."