उणे

अकरावीच्या गणिताच्या पेपरला मी सुपरव्हिजनला होते. तिसऱ्या बाकावरची मुलगी सारखी डाव्या तळहाताकडे बघत होती. मी तरातरा गेले.

"हात दाखव!"

तळहात कोरा होता, फक्त एक बोट मिटलेलं.

"मॅडम, हे बोट म्हणजे तीस अंश," ती पुटपुटली.

प्रश्नातला कोन दोनशेदहा अंशांचा, म्हणजे एकशेऐंशीच्या पुढे तीस. एकेक बोट एकेका कोनाचं धरून त्याची साइन ती बोटांवर काढत होती. माझ्यादेखत तिने घाईघाईने लिहिलं, एक छेद दोन.

किंमत बरोबर, पण तिसऱ्या चरणात साइन उणे असते. पण सुपरव्हिजनला असताना मला ते सांगता येईना. मीही तिचं तळहाताकडे बघणं बरोबर हेरलं होतं. अर्थ तेवढा उलटा, कॉपीचा लावला.

घंटा झाली. तिने नजर न उचलता पेपर दिला. मी दरडावलं नसतं, तर ती एवढीशी आडवी रेघ तिने नक्की ओढली असती.