ओल्या फणसाचा वाडगा

आज सकाळी तिसरा वाडगाही तडकलेला दिसला. परसातला फणस वादळात पडला, तेव्हाच मी ठरवलं होतं, त्याच्या लाकडाचा एक वाडगा लेथवर कातून ताईला द्यायचा. ती रविवारी मुलाकडे कायमची परदेशी निघाली आहे.

शेजारचे सुतारकाका म्हणाले, "लाकूड ओलं आहे. वर्षभर सावलीत वाळायला हवं."

"ताई थांबणार आहे का वर्षभर?" मी त्यांच्यावरच खेकसलो.

माणसं भराभर निघून जातात आणि पडलेलं झाड मात्र सावकाश वाळतं. याचा राग काढायचा तरी कोणावर?

दुपारी ताईला भेग दाखवली. तिने त्यावरून बोट फिरवलं. "वाळव नीट. पुढच्या वर्षी न्यायला येईन," ती म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

उरलेले ओंडके मी चरफडतच सावलीत रचले.