येण्याचे एकोणीस किलोमीटर

सुनागा तामेओच्या गॅरेजात गाडी बघायला कुणी आलं, की चहाच्या आधी तो एकच गोष्ट सांगायचा: "सीटला हात लावू नका." लोकांना वाटायचं, म्हातारा खडूस आहे. जुन्या गाड्यांच्या नादी लागलेली माणसं असतातच तशी, रंगावर बोट उमटलं तरी त्यांच्या अंगाचा तिळपापड होतो. पण रंगाला तुम्ही खुशाल हात लावा, तामेओ काही बोलायचा नाही. सीटचं कारण वेगळं होतं. तामेओ पाच फूट दोन इंच. रोज संध्याकाळी तो ड्रायव्हरची सीट आपल्या मापाने पुढे ओढायचा, खटका अडकवायचा आणि घरात जायचा. सकाळी सीट मागे गेलेली असायची, पार शेवटच्या खाचेत. लांब पायांच्या माणसाला लागते तेवढी.

त्याचा धाकटा भाऊ मित्सुगु लांब पायांचा होता.

वातारासे नदीच्या काठच्या आमच्या गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी कुणापुढे काढत नाही. मित्सुगु लेथवर काम करायचा. बावीस वर्षांचा, हसरा, आणि वस्तू हरवण्यात एक नंबर. पै पै साठवून त्याने दोन दारांची, लांब नाकाची, मोहरीच्या रंगाची स्पोर्ट्स गाडी जुन्यात घेतली होती. दर रविवारी ती खोलायची आणि परत जोडायची. जो भाग काढील त्याच्या आतल्या अंगाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, तो सुईने तीन तिरप्या रेघा ओढायचा. आमच्या जपानी लिपीत 'मि' तसाच लिहितात, एकाखाली एक तीन रेघा.

"कोण चोरणार आहे तुझं हे भंगार?" तामेओ चिडवायचा.

"चोरलं तर ओळखू यायला नको का, दादा?" तो म्हणायचा.

त्र्याहत्तर सालच्या नोव्हेंबरातला रविवार होता. तामेओ एका ट्रकखाली उताणा पडला होता आणि त्याने डोक्यात राख घालून घेतली होती, कारण त्याचा दहा नंबरचा पाना मित्सुगुने पुन्हा हरवला होता. पाना! तो अजून सापडलेला नाही. फाटकाशी गाडी सुरू करून मित्सुगु नेहमीसारखा ओरडला, "जाऊन येतो!"

याला आमच्याकडे उत्तर असतं, "जाऊन ये." तोंडात घास असला तरी देतात, भांडण झालेलं असलं तरी देतात. पोर स्वतःचं नाव शिकायच्या आधी हे शिकतं. तामेओ ट्रकखालून म्हणाला, "जा."

एवढंच. नुसतं जा.

तिसऱ्या दिवशी गाडी धरणाच्या कडेला सापडली, घरापासून एकोणीस किलोमीटरवर. दार उघडं, किल्ली जागेवर, सीट शेवटच्या खाचेत. अकरा दिवस पाण्यात गळ टाकले, हाती काही लागलं नाही. बाप दुःखाने असा चवताळला, की महिन्याच्या आत त्याने गाडी भंगारवाल्याला देऊन टाकली. "माझ्या दारात नको ती," म्हणाला. स्पोर्ट्स गाडीचे सुटे भाग हातोहात जातात. चाकं कुठे, इंजिन कुठे, दारं कुठे, गाडी देशभर पांगली.

आईने मात्र अंत्यविधी होऊ दिला नाही. हाडंच नाहीत, तर कसला विधी? आमच्यात दहनानंतर घरचे लोक काड्यांनी हाडं उचलतात, दोघांनी मिळून एक हाड. पायांपासून सुरुवात करायची, वर वर यायचं, शेवटी गळ्याचं हाड, आणि त्यावर कवटीचं झाकण. म्हणजे माणूस कलशात सरळ बसतो, उलटा होत नाही. मित्सुगुचा कलश आईच्या कपाटात रिकामा होता. वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी जाताना तिने तामेओचं मनगट धरलं आणि म्हणाली, "रिकामा नको ठेवू रे तो."

तामेओने हो म्हटलं. त्याला ठाऊक होतं, आईला त्या 'जा'बद्दल कधी कळलं नव्हतं. ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

आई गेली त्याच वर्षी नदीकाठच्या मैदानात जुन्या सुट्या भागांचा बाजार भरला होता. एका माणसाने सतरंजीवर चार चाकं मांडली होती. तामेओने सवयीने एक उलटं केलं. आतल्या अंगाला तीन तिरप्या रेघा होत्या.

तिथून पुढे तीस वर्षं गेली. दिवसा गावातल्या लोकांच्या व्हॅन आणि ट्रॅक्टर दुरुस्त करायचे, उरलेला वेळ त्या तीन रेघांच्या मागे. गिअरबॉक्स उत्तरेला एका कोंबड्यांच्या खुराड्यात मिळाला. मागचा दिवा एका न्हाव्याने दुकानात शोभेला लावला होता. नव्याने बनवलेली नक्कल तामेओ दारात उभी करायचा नाही. रबर, काच असल्या गोष्टी, ज्या टिकणारच नव्हत्या, त्या तेवढ्या त्याने कंपनीच्या जुन्या बंद पुड्यांतून मिळवल्या. बाकी सगळं मित्सुगुचंच हवं. जोडायचं मात्र एका क्रमाने. स्टिअरिंग लवकर मिळालं होतं, पण ते नऊ वर्षं खोक्यात पडून राहिलं.

"अहो, लावा की ते," त्याची बायको फुसाए एकदा म्हणाली. "जागा अडवून बसलंय. त्यात मला मुळा तरी ठेवता येईल."

"अजून वेळ आहे त्याला. पाय झाले. आता पोट चाललंय."

फुसाएचा हात कणकेतच थांबला. तिने आपल्या वडिलांची हाडं उचलली होती, क्रम तिला ठाऊक होता. ती म्हणाली, "खरं सांगा, तुम्ही त्याला पोचवताय की उठवताय?"

आईला दिलेला शब्द पोचवण्याचा होता. पण सीट बसवली त्याच्या दुसऱ्या सकाळपासून ती मागे जायला लागली होती, पायाखालची चटई ओली लागत होती, तिला साचलेल्या पाण्याचा वास येत होता, आणि तामेओला भीती वाटायच्या ऐवजी बरं वाटत होतं. हे कुणाला सांगणार? तो रोज सीट पुढे ओढायचा ते बघण्यासाठीच, की ती मागे जाते ना.

मग मीटर मिळालं. गाडी तेव्हा ठोकळ्यांवर उभी होती, चाकं जमिनीला टेकलेली नव्हती, मीटरची तार जोडलेलीसुद्धा नव्हती. बसवताना आकडा होता एकतीस हजार चारशे सहा. आठव्या सकाळी तो एकतीस हजार चारशे पंचवीस होता. तामेओने तीनदा वजाबाकी केली. एकोणीस. धरणापर्यंत जाण्याचे. त्याने फुसाएला हाक मारून दाखवलं. ती तशीच मागच्या पावली घरात गेली. तामेओ मात्र त्या दिवसापासून वाट बघायला लागला. जाण्याचे एकोणीस पडले, म्हणजे येण्याचे एकोणीस कधीतरी पडतीलच. रोज सकाळी तो आधी मीटर बघायचा. आकडा हलला नाही.

असं करत शेवटी गळा तेवढा राहिला.

गाडीला हॉर्न दोन असतात, एक जाड आवाजाचा, एक बारीक. जाड मिळाला होता, बारक्याचा कुठे पत्ता नव्हता. पुढचं झाकण, इंजिनावरचं, रंगवून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. गळा बसल्याशिवाय कवटी कशी ठेवणार? शेवटी तामेओ त्या भंगारवाल्याच्या मुलाकडे गेला. मुलगा म्हणजे आता सत्तरीचा.

"बारका हॉर्न? तो तर तेव्हाच एक मुलगी घेऊन गेली की," तो म्हणाला. "इतकी रडत होती, बाबांनी पैसेसुद्धा घेतले नाहीत."

अशी मुलगी एकच होती. मित्सुगुचं जिच्याशी ठरलं होतं ती कियोए. पुढे तिचं लग्न झालं, नवरा वारला, आणि गेली वीस वर्षं ती देवळाच्या पायऱ्यांशी काडीला टोचलेले, सोयाबीनचा खारट-गोड मिसो फासून भाजलेले पाव विकत होती. त्या रस्त्याने जायचं तामेओ टाळायचा.

"दोन देऊ का?" तिने मान वर न करता विचारलं, आणि मग त्याला बघितलं. "दादा! रस्ता चुकलात वाटतं?"

"हॉर्न तुझ्याकडे आहे."

"आहे."

"एवढंच राहिलंय, कियोए. बाकी सगळा झालाय तो."

"म्हणूनच द्यायचा नाही मला. राहिलंय तोवर आहे तो." ती पाव उलटत होती. "आमच्या घराखाली येऊन दोनदा वाजवायचा, लहान लहान. मी जिन्यावरून ओरडायची, 'आले!' आणि अर्धे केस बांधून पळायची. आई म्हणायची, लाज आहे का काही?"

तामेओला काय झालं कोण जाणे. पन्नास वर्षं गिळलेलं तिथे, निखाऱ्यांसमोर उभ्या उभ्या बाहेर पडलं. पाना, ट्रक, आणि तो शब्द. "मी त्याला 'जाऊन ये' म्हटलं नाही. 'जा' म्हटलं. म्हणून तो आला नाही."

मिसो करपला. कियोएने तो पाव बाजूला टाकला.

"आणि आता आला तर काय म्हणणार आहात?"

"म्हणेन, जाऊन ये."

"आलेल्या माणसाला?" ती खरंच हसली. "दादा, आलेल्या माणसाला 'आलास' म्हणतात! एवढी गाडी जोडलीत, आणि तोंडात शब्द कुठला आणायचा ते ठरलेलं नाही? ते आधी ठरवा. मग येते मी."

आठ दिवसांनी, नोव्हेंबरातल्याच एका दुपारी, ती हॉर्न कापडात बांधून घेऊन आली. लख्ख ऊन होतं, डोंगरावरून कोरडा वारा सुटला होता. तामेओने हॉर्न उलटा केला. तीन रेघा.

"एकट्याने नाही," तो म्हणाला. "दोघांनी धरायचा."

तिला सांगावं लागलं नाही. तिने एका बाजूने धरला, त्याने दुसऱ्या, आणि चार हातांनी तो जाळीमागच्या जागेवर बसवला. तामेओने बोल्ट आवळला. फुसाए चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. बॅटरी बाकावर होती, तिला एकही वायर लावलेली नव्हती. हे फुसाए आजही शपथेवर सांगते.

हॉर्न वाजला. दोनदा, लहान लहान.

"आले!" कियोए म्हणाली.

सत्तर वर्षांची बाई, पण आवाज विशीतला होता. एका हाताने केस सावरत ती गाडीच्या दुसऱ्या बाजूला, मित्सुगुच्या शेजारच्या सीटच्या दाराकडे चालू लागली. आत ड्रायव्हरची सीट हलली. खट. खट. खट. भर उन्हात, तिघांच्या डोळ्यांदेखत, एकेक खाच मागे गेली. दाराच्या फटीतून पाणी गळायला लागलं आणि सगळ्या गॅरेजभर धरणाचा वास पसरला.

तामेओच्या जिभेवर 'आलास' तयार होतं. आठ दिवस त्याने तेच घोकलं होतं. नुसतं म्हणायचं होतं. पन्नास वर्षांची चूक एका शब्दात धुऊन निघणार होती.

पण कियोएने दाराचा खटका धरला होता, आणि ती हसत होती, आणि तिला तामेओ किंवा फुसाए कुणीच दिसत नव्हतं. तिच्या पायातले पांढरे मोजे भिजत चालले होते. ही बसली की धरणापर्यंतच जाणार, हे तामेओला कळलं. मीटर एकाच बाजूचं, जाण्याचंच फिरतं.

"मित्सुगु," तो म्हणाला. त्याने पुन्हा म्हटलं, "मित्सुगु, बाळा. जा."

मग तो ओरडला, "फुसाए, झाकण!" ट्रे खाली पडला, कप फुटले. दोघांनी भिंतीला टेकवलेलं झाकण उचललं, हॉर्नवरून, इंजिनावरून आणून ठेवलं आणि तामेओने दोन्ही तळहातांनी दाबून ते बंद केलं.

आवाज थांबले. कियोए दाराशी जमिनीवर बसली होती. "कुठे चालले होते मी?" तिने विचारलं, आणि पायांकडे बघितलं. फुसाएने तिला कवेत घेतलं, मोजे काढले, आणि दोघी बायका तिथेच फरशीवर बसून रडल्या.

दुसऱ्या दिवशी गाडीची किल्ली कलशात ठेवून तिघांनी तो कलश सुनागांच्या थडग्यात आईशेजारी नेऊन ठेवला. भटजींनी कशाची किल्ली ते विचारलं नाही.

त्या संध्याकाळी तामेओने सवयीने सीट पुढे ओढली, खटका अडकवला आणि घरात गेला. सकाळी उठून आला, तर सीट त्याने ठेवली होती तिथेच होती. चटई कोरडी होती. मीटरचा आकडा एकतीस हजार चारशे पंचवीस. त्याने हाताने सीट मागे ढकलून बघितली, शेवटच्या खाचेपर्यंत, आणि आत बसला. पाय पेडलपर्यंत पोचेनात. फुसाए नाश्त्याला बोलवायला आली तेव्हा तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून लहान मुलासारखा हमसून रडत होता, आणि तिने त्याला थोडा वेळ तसंच राहू दिलं.