शेवटच्या टाकीतले मासे

रविवारी सकाळी वहिनींच्या वेफर्सच्या कारखान्यामागे आम्ही तिघे उभे होतो: वहिनी, शेजारचे शेतकरी दत्तूअण्णा आणि मी. बटाटे धुतलेलं पाणी ओढ्यात सोडायला सरकारने मनाई केली होती. ते स्वच्छ करून शेताला द्यायचं, नाहीतर कारखान्याला कुलूप. जवळ शेत होतं ते फक्त अण्णांचं, आणि अण्णा अजून हो म्हणाले नव्हते.

पहिल्या टाकीतलं पाणी ताकासारखं पांढरं होतं. गाळून गाळून तिसऱ्या, शेवटच्या टाकीत आलेल्या पाण्यात तळ दिसत होता आणि चार मासे फिरत होते.

“पंधरवडा झाला त्यांना सोडून,” वहिनी म्हणाल्या.

“रोज नवे आणून टाकत नाही ना?”

“अहो अण्णा, नावं ठेवलीत मी त्यांची!”

नियम वाचताना मला नेहमी कंटाळा येतो. इथे तोच नियम शेपटी हलवत होता. ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांची काळजी आपण कुणी सांगितल्याशिवाय करत नाही, पण सांगितल्यावर ते जमतं.

अण्णांनी ओंजळभर पाणी हुंगलं, हसले आणि केळीच्या बागेकडचा पाट मोकळा केला.

पाण्याचे पैसे वहिनींनी घेतले नाहीत. तेव्हा अण्णांनी कच्च्या केळ्यांचा एक घड त्यांच्या दारात ठेवला. सोमवारी त्याचे वेफर्स झाले.