चार बेटं आणि एक मिशी

माझ्या तोंडावर आज मिशी आहे, ती केवळ पेठ तालुक्यातल्या एका ओहोळाला पूर आला म्हणून.

दोन हजार तीन-चार सालची गोष्ट. आमचे साडू विश्वासराव थायलंडला जाऊन आले आणि फोटोंचे तीन अल्बम घेऊन आमच्या घरी, नाशिकला, उतरले. प्रत्येक फोटोत निळं पाणी, मागे बेट आणि पुढे विश्वासरावांचं पोट!

"याला आयलंड हॉपिंग म्हणतात," ते म्हणाले. "सकाळी या बेटावर, दुपारी त्या बेटावर. तुम्ही सुलभाला कुठे नेलंत हो?"

"वणीच्या गडावर," माझ्या बायकोनंच सांगून टाकलं. "दोनदा."

हे तिनं इतक्या साधेपणानं सांगितलं की माझं डोकंच फिरलं. "श्रावण संपायच्या आत सुलभाला चार बेटं दाखवली नाहीत, तर ही मिशी काढून टाकीन!" मी गरजलो. (वीस वर्षं जोपासलेली मिशी! तिच्याशिवाय मी कसा दिसतो हे माझ्या आईलासुद्धा आठवत नव्हतं.)

बोलायला काय जातं! झेरॉक्सच्या दुकानावर थायलंड परवडत नाही. आषाढ सरत आला तसा मी आरशासमोर जरा जास्त वेळ उभा राहू लागलो. आणि एक दिवस देव पावला. पेठकडचे शेतकरी लक्ष्मणदादा सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आले आणि पावसापाण्याचं बोलता बोलता म्हणाले, "आमच्याकडं चार बेटं हायेत."

त्यांचा सातबारा माझ्या मशीनमध्ये अडकला.

"चार? तुमची स्वतःची?"

"आज्यापासूनची. पावसात तर लय झ्याक दिसत्यात."

"मग आत्ता गर्दी असेल?"

"आत्ता कोण येतंय? शिझन दिवाळीनंतर. तवा टरकच्या टरक भरत्यात."

ट्रक भरून माणसं! म्हणजे हा ऑफ सीझन, सगळी बेटं आपलीच! "आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर कसं जायचं?"

"चालत. पाणी काय, घोट्याइतकं. चिखूल हाय जरा."

"बेटावर मुक्काम करता येईल का हो?"

दादा माझ्याकडे बघतच राहिले. "बेटात? बेटात साप ऱ्हातात, शेट."

म्हणजे वन्यजीवनसुद्धा! (विश्वासरावांच्या तिन्ही अल्बममध्ये साधी पाल नव्हती.)

माझा मित्र दिल्या ओझरच्या कारखान्यात कामाला. त्याच्याकडे जुनी मारुती व्हॅन होती, त्यामुळे त्याला आणि कुंदावहिनींना बरोबर घेणं भाग होतं. रविवारी आम्ही निघालो. मी फुलाफुलांची बर्म्युडा आणि गॉगल घातला होता. दिल्यानं पोहायला हवा भरलेली ट्रकची ट्यूब टपावर बांधली होती. सुलभा नवी साडी नेसली होती. "फोटो ताईला पाठवायचेत," ती म्हणाली, आणि ती किती खूश होती ते पाहून मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

लक्ष्मणदादांनी आधी माझ्या बर्म्युडाकडे पाहिलं, मग ट्यूबकडे. "पंक्चर झाली का?" त्यांनी काळजीनं विचारलं.

मग भाताच्या बांधावरून घसरत, सावरत आम्ही त्यांच्यामागे गेलो. दादा थांबले. "हे पयलं."

मी गॉगल काढून लांबवर पाहिलं. "कुठे?"

"हे काय, म्होरं!"

म्होरं बांबू होते. पन्नास-साठ बांबू, एका जागी दाटीनं उभे. बांबूच्या जाळीलाही बेट म्हणतात, हे मला शाळेत शिकवलं होतं. परीक्षेत त्याचा एक मार्कही मिळाला होता!

दिल्या पोट धरून बांधावरच बसला. "मिशी न्हाव्याकडे काढणार, का घरच्या घरी?"

सुलभा काहीच बोलली नाही. बायको बोलली नाही की समजावं, तिनं पुढच्या दहा वर्षांची बेगमी केली. परत फिरावं म्हटलं, तर दादा ऐकेनात. एवढ्या लांबून पाव्हणं आलं! त्यांनी दुसरं बेट दाखवलं, तिसरं दाखवलं, प्रत्येकाचा इतिहास सांगितला. चौथं होतं दोन ओहोळांच्या मधल्या टेकाडावर. तिथे पोचलो आणि आभाळ फाटलं. घोट्याइतकं पाणी बघता बघता कमरेला गेलं.

"आता हो?" मी विचारलं. सुलभाला पोहता येत नाही, आणि आणलं होतं कुणी? मी.

"आता बसायचं," दादा म्हणाले. "संध्याकाळपातुर उतरंल."

ट्यूबवर दोन्ही बायका बसल्या. आम्ही चिखलात. चार तास! भिजलेल्या पुऱ्या खाल्ल्या. दादांनी तेवढ्यात भाजीसाठी बांबूचे कोवळे कोंबही काढून दिले. माझ्या बर्म्युडाचा रंग उतरून पाय गुलाबी झाले होते. मी हळूच म्हणालो, "सुलभा, चुकलं गं माझं."

ती आजूबाजूला बघत होती. एकदम हसत सुटली. "अहो, चारी बाजूंनी पाणी! हे खरंच बेट आहे की! आणि ताईच्या बेटावरून नवरा पळून तरी जाऊ शकत होता. इथं तीही सोय नाही!" तिनं दिल्याला फोटो काढायला लावला. इतकं मनापासून हसताना मी तिला वणीच्या गडावरही पाहिलं नव्हतं.

श्रावणात विश्वासराव हजर! दिल्यानं आधीच सगळं फोडलं होतं. साडू वस्तरा घेऊनच आले होते, तोही नवा.

"काढा मिशी!"

सुलभानं फोटो पुढे ठेवला. "भाऊजी, हे चार म्हणाले होते. मला पाच दाखवली, चार बांबूची आणि हे एक पाण्यातलं. मिशीला हात लावायचा नाही!"

मिशी वाचली. मी तिला पीळ दिला आणि त्याच भरात म्हणालो, "पुढच्या वर्षी तुला काश्मीर दाखवतो!"

"आधी एक सांगा," सुलभा बांबूच्या कोंबांची भाजी वाढत म्हणाली, "हे बेट आहे, का बांबू?"

आज वीस वर्षं झाली. मी कुठलाही बेत जाहीर केला, की घरातलं शेंडेफळसुद्धा हेच विचारतं. आणि खरं सांगतो, आजवर प्रत्येक वेळी बांबूच निघालाय.