ऑफ
वेळापत्रकात 'ऑफ तास' दिसला की आष्टीच्या शाळेतली ती दुपार आठवते. माझा तास ऑफ होता. खिडकीतून सोयाबीनच्या मळणीचा भुस्सा आत येत होता. तेवढ्यात गावाकडून चुलत्यांचा फोन आला. रेंज तुटत होती. 'बाबा' आणि 'ऑफ झाले' एवढंच ऐकू आलं. बाबांचा मोबाईल रोजच बंद पडायचा. मी हसत म्हणालो, "मंग चार्जिंगला लावा की, काका!" काका म्हणाले, "फोन न्हाई रे लेकरा. तुझे बाबा." आता तो मोबाईल आईच्या उशाशी असतो. त्यावर कुणाचाच फोन येत नाही, पण ती त्याला ऑफ होऊ देत नाही.