बुवांच्या भजनांची डिस्क

पतपेढीतून निवृत्त होऊन किशोरी कट्टा गावातल्या घरी बसली, त्याच वर्षी तिच्या नवऱ्याच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. नवरा म्हणजे भजनीबुवा मधूबुवा; त्यांच्या भजनाला आसपासच्या गावांतून माणसं येत असत. आता जे सांगायचं ते बुवा मोबाइलवर टाइप करून दाखवत. कॅसेटींवरून उतरवलेली त्यांची सगळी भजनं घरच्या कॉम्प्युटरवर होती. ती कुणी लावली की बुवा उठून परसात निघून जात.

यंदा त्या कॉम्प्युटरची डिस्क टकटक वाजू लागली. दुकानदाराने तिच्या शेजारी नवी बसवून दिली. पुण्याची पुतणी दिव्या हिने फोनवर समजावलं, की नव्या डिस्कवरचा एकच मोठा भाग पुसून दोन पार्टिशन, म्हणजे वेगळे कप्पे, करायची, एक भजनांना, दुसरं घरच्या फोटोंना. मग भजनं तिथे उतरवायची. किशोरीला ते सोपं वाटलं. पण स्क्रीनवर दोन्ही डिस्क एकाच मापाच्या दिसत होत्या. तिने वरची निवडली, पुसायचं नक्की ना, या प्रश्नाला हो म्हटलं, आणि भजनांचा फोल्डर उघडायला गेली तर तो कुठेच नव्हता.

पुसली गेली होती ती जुनीच डिस्क. घशातला आवाज गेला तो आजाराने. हा तर आपण आपल्याच बोटाने घालवला. क्षणभर वाटलं, बुवा ऐकतच नाहीत, त्यांना कळणार कसं? त्या विचाराचीच तिला लाज वाटली. ती उठून पडवीत बुवांकडे गेली.

"तुमची भजनां माझ्या हातून पुसली गेली," ती म्हणाली.

बुवा आत गेले, पेजेचं ताट तिच्यापुढे ठेवलं आणि मोबाइल दाखवला: 'सकाळपासून जेवक नाय तू.'

जेवल्यावर तिने दिव्याला फोन लावला.

"काकी, आता कशाकच हात लावू नको," दिव्या म्हणाली. "शेताची मेर मोडली, बांध गेलो म्हणान शेत जाता काय? भजनां आसत थंयच आसत. त्यांच्यावर दुसरा काय लिहू नको, म्हणजे झाला."

या वेळी किशोरीने जुन्या डिस्कची वायरच काढून ठेवली. समोर एकटी नवी उरली, तिची दोन पार्टिशन केली. मग जुनी परत जोडून पुसलेल्या फाइली शोधून काढणारं, दिव्याने सांगितलेलं सॉफ्टवेअर चालू केलं. ते संध्याकाळपर्यंत चाललं. एकेक नाव वर येऊ लागलं. दोन-चार फाइली सोडल्या तर सगळं मिळालं.

आवाज धड आहे का, हे बघायला तिने एक अभंग लावला. बुवा दारात उभे होते. परसात जायच्या ऐवजी ते आत येऊन खुर्चीवर बसले. मध्येच त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी टाइप केलं: 'बाबूचो मृदंग चुकलो. ह्या पुसून टाक.'

"आता काय एक पुसूचंय नाय मी," किशोरी म्हणाली, आणि दोघांनाही हसू आलं.

हल्ली दुपारी बुवा कॉम्प्युटरशी बसतात. कोणतं भजन कुठल्या देवळातलं, साथीला कोण होतं, ते आठवून फाइलींना नावं देतात. बाबूही कधीमधी येतो. आपला मृदंग चुकलाच नव्हता, असं त्याचं म्हणणं आहे.